करपलेल्या लसणाचा रविवार

बोलायचं कुणी, हे जिन्यातच ठरलं. ताई बोलणार होती, कारण या घरात बोलायचं काम आजवर तिनंच केलं होतं. दादानं मान हलवायची होती. चिमण्यानं मध्येच विनोद करायचा नव्हता. आणि वहिनीनं जेवणं होईपर्यंत स्वयंपाकघरात आईच्या मागे थांबायचं, गॅसवर डोळा ठेवायचा, आणि तो ठेवलाय हे आईला कळू द्यायचं नव्हतं.

“म्हणजे मी हेरगिरी करू?” वहिनीनं विचारलं.

“हेरगिरी कसली? नुसतं लक्ष ठेव,” ताई म्हणाली. “तू कांदे चिरायला बस. बाकी ती काय करते ते तुला दिसेलच.”

ताई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्याची मुख्य होती. चादरींचे डोंगर आणि ते धुणारी माणसं यांच्यावर तिची सारखीच हुकमत चालायची. घरी आली तरी तो आवाज तिला दारात चपलांसारखा काढून ठेवता येत नसे. दादा लिफ्टची दुरुस्ती करायचा आणि जिना चढताना दर मजल्यावर नाराज व्हायचा. चिमणा हा शेंडेफळ. नावाला चिमणा, पण दारातून आत यायचं तर मान वाकवावी लागे. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी क्रेन तो चालवायचा.

आणि वहिनी, दादाची बायको. घरात तिला सगळेच वहिनी म्हणत. सुरुवात दिरानं केली, मग नणंदेनं उचललं, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासूही म्हणायला लागली. खुद्द नवऱ्याच्या तोंडून एकदोनदा निसटलं होतं, तेव्हा त्यानं जीभ चावली होती.

वरच्या मजल्यावर पोचण्याआधी ताईनं सगळं पुन्हा एकदा बोटांवर मोजून दाखवलं. भोपळ्याच्या सुपात नासकं दूध. टोमॅटोच्या सुपात मीठ इतकं, की चिमणा घरी जाऊन रात्रभर पाणी पीत बसला, आणि आई आपली शांतपणे विचारतेय, का रे, आवडलं नाही का. मग तो गॅसचा प्रकार. चिमणा सहज डोकावायला आला तर दारातच वास. बर्नर विझलेला, बटण सुरू, आणि आई त्याच खोलीत बसून वाटाणे सोलतेय. मागच्या आठवड्यात तर कहरच. पातेलं करपून घरभर धूर, आई पलीकडच्या खोलीत स्वेटर विणत बसलेली, आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन धावत वर आलेला.

“आत्यांचंही असंच सुरू झालं होतं,” ताई म्हणाली. “आधी स्वयंपाकात चुका. मग माणसांत.”

आत्यांनी शेवटच्या दिवसांत स्वतःच्या मुलाला, तुम्ही कुणाकडे आलात, असं विचारलं होतं. ते तिघांनीही पाहिलं होतं.

“आज सांगायचं म्हणजे सांगायचं,” ताई म्हणाली. “मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. आणि तिथून ती सरळ माझ्याकडे राहायला येईल. हे स्वयंपाकघर बंद.”

“रविवारचं जेवण?” चिमण्यानं विचारलं.

“माझ्याकडे.”

“तू करणार सूप?”

“विनोद नको म्हटलंय ना.”

“मी विनोद करत नव्हतो,” चिमणा म्हणाला, आणि त्याचा चेहरा पाहून वहिनीला ते पटलं.

दार आईनंच उघडलं. हाताला पीठ, कपाळावर घाम, चष्मा डोक्यावर. “आज सगळे एकदम? नाहीतर एक येतो तेव्हा दुसरा पार्किंग शोधत असतो.” तिनं चौघांकडे एकेक करून पाहिलं. “दाढी कर रे,” दादाला म्हणाली. चिमण्याला म्हणाली, “गुडघा कसाय?” ताईला काही म्हणाली नाही, नुसता तिच्या हातातला पाव काढून घेतला. मग आत जाता जाता, “वहिनी, चल.”

स्वयंपाकघर लांबट आणि अरुंद होतं. दोन बायका एकमेकींना ओलांडायला लागल्या तर एकीला पोट आत घ्यावं लागे. खिडकीखाली ओटा, ओट्यावर ते मोठं पातेलं. सासऱ्यांनी वर्कशॉपमधून आणलेलं, जाड बुडाचं, कानापाशी पोचा आलेलं. त्यात भाजलेल्या हाडांच्या पाण्यात मसूर आणि जव शिजत होते. गाजर, बटाटे आणि कोबी कापून परातीत तयार होता. या घरातलं सूप म्हणजे पाण्यावर तरंगणारे चार तुकडे नव्हेत. पातेल्यात चमचा उभा केला तर तो उभा राहिला पाहिजे, असा इथला नियम होता, आणि जावई-सुनांची पहिली ओळख या नियमाशीच करून दिली जायची.

वहिनी कांदे घेऊन बसली. डोळ्यांतून पाणी यायला कांद्याचं निमित्त चांगलं होतं.

लग्न होऊन आली तेव्हा तिनं या बाईला नाकानं स्वयंपाक करताना पाहिलं होतं. आई बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी बोलत असायची, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून आत हाक द्यायची, “कांदा काढ आता, पुढे गेला तर कडवट होईल.” काढायला जावं तर खरोखर तीच वेळ असायची. झाकण उचलायची, वाफेत तोंड घालायची, डोळे मिटायची, आणि बरणीकडे हात न्यायची. चव अशी ती घेतच नसे. पातेल्याजवळ तर कुणाला फिरकू द्यायची नाही. “तुम्ही खा,” म्हणायची. “खाणं हेही कामच आहे.” वहिनीनं इतक्या वर्षांत या ओट्यावर कापायचं, सोलायचं, धुवायचं सगळं केलं होतं, पण डाव हातात घेतला नव्हता. सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं. नंतर सवय झाली.

“शिंप्याच्या मुलीचं ठरलं,” आई म्हणाली. तिनं ओट्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गाजर पातेल्यात लोटलं. “मुलगा बरा आहे. पण त्याचा एक खांदा उतरता आहे. शिंपी मला म्हणाला, बाई, जन्मभर मला याच्या एका खांद्यात पॅड घालावं लागणार.”

वहिनीला हसू आलं. “तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, आमच्या घरात आलेल्या जावयाच्या तर डोक्यातच घालावं लागलं असतं. तू निभावून नेशील.” आईनं परत घड्याळाकडे पाहिलं. “ताईला सांगू नकोस. बिचारा माणूस वाईट नव्हता. नुसता रिकामा होता.”

वहिनी सुरी चालवत राहिली, पण मनात काहीतरी अडलं. डोकं उतरणीला लागलेली बाई अशी बोलते? आत्यांना आठवून पाहिलं. आत्या सुरुवातीच्या दिवसांत एकच गोष्ट दहादा सांगायच्या, शब्द शोधत राहायच्या, आणि सापडला नाही की समोरच्यावर चिडायच्या. ही बाई तर कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचा खांदा उतरलाय, सगळं डोक्यात ठेवून होती.

मग ती घड्याळाकडे का पाहतेय?

आईनं पूर्वी कधी घड्याळाकडे पाहून गाजर टाकलं नव्हतं.

“हे बघ गं जरा,” आई म्हणाली, आणि तिनं डावात थोडं सूप काढून वहिनीपुढे धरलं. “काही हवंय का सांग.”

वहिनीचा हात हवेतच थांबला. इतक्या वर्षांनी. तिला क्षणभर नुसता आनंद झाला, अगदी शाळेत पहिल्या बाकावर बसवल्यासारखा. तिनं फुंकर मारून घोट घेतला. मीठ नव्हतंच. तिनं वर पाहिलं, आणि पाहिलं तर आई तिच्याकडे टक लावून बघत होती. आईचं लक्ष ना डावाकडे होतं, ना सुपाकडे. ती तिचा चेहरा वाचत होती.

ते बघणं वहिनीच्या ओळखीचं होतं.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं लोकांना वाचायला लावायची. म्हातारी माणसं, विशेषतः गाडी चालवणारी, बाहेर बाकावर बसल्या बसल्या आधीच्या माणसाचं ऐकून ती अक्षरं पाठ करून यायची. खुर्चीत बसली की घडाघडा म्हणून दाखवायची, आणि प्रत्येक अक्षरानंतर तिच्या तोंडाकडे बघायची. बरोबर आलं का? पाटीकडे त्यांची नजर जायचीच नाही. दिसत नाही हे सांगायची लाज वाटणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावरून उत्तर शोधतो, हे ती त्या दुकानात शिकली होती.

“मीठ,” वहिनी म्हणाली. “थोडं.”

“मलाही तेच वाटलं,” आई म्हणाली, जरा घाईनं, आणि मीठ घातलं.

शेजारच्या शेगडीवर छोट्या कढईत लोणी वितळत होतं. आईनं त्यात ठेचलेला लसूण टाकला आणि कोबीकडे वळली. कोबी घालता घालता ती चिमण्याबद्दल बोलू लागली, की याला एकदा नीट दटावून विचार, ती फुलवाली मुलगी आहे तरी कोण, दर रविवारी याच्या शर्टाला परागकण कसे. लसूण पिवळा झाला. मग तांबूस झाला. वहिनी उठणार होती, पण उठली नाही. तिनं सुरी खाली ठेवली आणि थांबली. लसूण कडेनं काळा पडायला लागला, तो जळका कडू वास ओट्यावरून उठून तिच्या नाकात गेला, बाहेरच्या खोलीत दादा खोकला, आणि कढईपासून वीतभर अंतरावर उभी असलेली आई परागकणांबद्दलच बोलत होती.

मग निळसर धूर वर आला. तो आईच्या डोळ्यांना दिसला, आणि तिनं झटकन कढई उतरवली. “हा गॅस फार मोठा होतो हल्ली,” ती म्हणाली.

खात्री करायची म्हणून वहिनी फ्रिजपाशी गेली. आत तळाशी दुधाचं एक भांडं होतं. झाकण काढताच तिला मान फिरवावी लागली. ते तिनं आईपुढे धरलं. “आई, हे चांगलंय का हो? वरून घालायला?”

आईनं भांडं हातात घेतलं, उजेडाकडे तिरकं केलं, कडेला दूध कसं चिकटतं ते पाहिलं. दूध अजून फाटलं नव्हतं, दिसायला पांढरंशुभ्र होतं. “चांगलंय की,” ती म्हणाली. “घाल.”

वहिनीनं भांडं तिच्या हातून काढून मोरीत ओतलं. नळ सोडला. मग पाठमोरीच म्हणाली, “वास कधीपासून येत नाही, आई?”

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“नळ बंद कर,” आई म्हणाली. “पाणी वाया जातंय.”

वहिनीनं नळ बंद केला आणि वळली. आई स्टुलावर बसली होती. डाव मांडीवर होता, आणि तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची नाही, तर जड पिशवी कुणीतरी हातातून घेतल्यासारखी कळा होती.

“थंडीत तो ताप आला होता ना, तेव्हापासून,” ती म्हणाली. “पहिल्यांदा तर जीभही गेली होती. मीठ की साखर, कळेना. मीठ आता कळतं, पण बुडत्याला काठ दिसावा तसं, लांबून. बाकी सगळा ओला पुठ्ठा. गाजर म्हणजे मऊ पुठ्ठा, पाव म्हणजे कडक पुठ्ठा. मला वाटलं, सर्दी आहे, जाईल. गेली नाही.”

“म्हणून वाळलात तुम्ही.”

“पुठ्ठा किती खाणार माणूस?”

“पण सांगायचं ना, आई. एवढे दिवस.”

आईनं डावाच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. “हे गेले तेव्हा पोरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आठवतंय ना? कुणी दवाखान्यात आधी न्यायला हवं होतं, कुणी उशीर केला. तरी रविवारी जेवायला यायचे. माझ्यासाठी नव्हे, उगाच कशाला खोटं बोलू. सुपासाठी. समोरासमोर बसून खायचे, आणि दोन वर्षांनी खाता खाताच बोलायला लागले. माझ्याजवळ तेवढं एकच होतं, वहिनी. तेच बिघडलं असं कसं सांगू? उद्या म्हणाले, आईचं सूप काही पूर्वीसारखं राहिलं नाही, तर कुणाला वेळ आहे दर रविवारी तीन मजले चढायला?”

वहिनीला हसू यायला लागलं. तिला ते दाबता येईना. तोंडावर पदर धरावा तसा तिनं ओट्यावरचा पंचा धरला, आणि मग कळेना की आपण हसतोय की रडतोय.

“यात हसण्यासारखं काय आहे?” आई म्हणाली.

“नुसतं नाक,” वहिनी म्हणाली. “नुसतं नाकच गेलंय.”

“नुसतं म्हणजे? स्वयंपाक करणाऱ्या बाईचं नाक आहे ते.”

आता सांगणं भाग होतं. वहिनीनं स्टुलासमोर खाली बसून सगळं सांगितलं. जिन्यात काय ठरलं, डॉक्टर कसले, ताईकडची खोली, आत्यांचं उदाहरण. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. आपण आपल्या माणसांची चहाडी करतोय असंही वाटत होतं, आणि न सांगितलं तर ती त्याहून मोठी लबाडी झाली असती.

आई ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“म्हणजे मला खूळ लागलं असं वाटलं त्यांना.”

“घाबरलेत हो ते.”

“महिनाभर माझ्या तोंडाकडे बघताहेत, मला वाटलं सूप आवडलं नाही म्हणून बघताहेत.” ती थांबली. “आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मीठ बरोबर आहे का कळायला.”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आधी आईच्या खांद्यांना हिसका बसला. मग ती जी हसायला लागली, ती स्टुलाची कड धरूनच.

बाहेरून ताईची हाक आली. “काय चाललंय? लसूण करपलाय का?”

“करपलाय,” आई आतून म्हणाली, डोळे पुसत. “बसा सगळे. वाढतेच.”

उठताना वहिनीनं तिचा हात धरला. “गॅसचं मात्र मी लपवणार नाही, आई. चिमणा त्या दिवशी आला नसता तर.”

“माहितीय गं,” आई म्हणाली. हसू एकदम विरलं होतं. “त्या रात्री मलाही झोप लागली नाही. मी सांगते. तू मध्ये पडू नकोस, नाहीतर ताई म्हणेल तू पढवलंस.”

करपलेला लसूण फेकून वहिनीनं दुसरा ठेचला. परतायला मात्र आईनं तिलाच उभं केलं, आणि स्वतः बाजूला उभी राहून विचारत राहिली, “आता कसा येतोय? गोडसर? मग अजून जरा. आता?” वहिनी सांगत गेली. “बदाम भाजल्यासारखा.” “काढ,” आई म्हणाली. “तीच वेळ.”

टेबलावर चार वाडगे भरून गेले, पाचवा आईचा, अर्धाच. चमचा पातेल्यात उभा राहिला. पाव कापला गेला. पहिला घास कुणी घेईना. चिमण्यानं तर वाडग्याकडे असं पाहिलं, जणू त्याला ते उघडायची भीती वाटत होती.

ताईनं घसा साफ केला. “आई, आम्हाला तुझ्याशी थोडं बोलायचंय.”

“आधी मी बोलते,” आई म्हणाली. “मला वास येत नाही.”

ताईचं वाक्य तोंडातच राहिलं. “कशाचा?”

“कशाचाच. थंडीतल्या तापापासून. नासक्या दुधाचा नाही, करपल्याचा नाही, गॅसचा नाही. चिमण्याच्या मोज्यांचासुद्धा नाही, तेवढा एकच फायदा. मी लपवलं. गॅसचं लपवायला नको होतं, ते चुकलं माझं. पण मला खूळ लागलेलं नाही.”

ताईनं वळून वहिनीकडे पाहिलं. ती नजर वहिनीला अपेक्षितच होती. “हे तू शिकवलंस तिला?”

“मी फक्त विचारलं,” वहिनी म्हणाली.

“तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं.”

“तेच केलं की तिनं,” दादा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दादा सहसा जेवताना बोलत नसे, आणि ताईच्या विरोधात तर उपाशी असतानाही बोलत नसे. त्यानं पाव खाली ठेवला. “ताई, आता लसूण जळत होता त्याचा वास मला बाहेर बसून आला. खोकलो मी. ती शेजारी उभी होती. विसरलेल्या माणसालाही वास येतो.”

“आत्यांनाही आधी...” ताई म्हणाली आणि थांबली.

“विचार मला काही,” आई म्हणाली. “विचारा ना. आज परीक्षाच घ्या.”

चिमणा पुढे सरकला. “माझी पहिली क्रेन कुठल्या रंगाची होती?”

“पिवळी. आणि पहिल्याच दिवशी तू शाळेच्या मुख्याध्यापकांची चांगली उभी असलेली गाडी ओढून नेलीस. तुझ्या बाबांनी त्यांना घरी बोलावून सूप पाजलं, म्हणून नोकरी टिकली.”

“दादानं दहावीत काय केलं होतं?”

“दहावीत नाही, नववीत. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही. सही बरी होती, पण बाबांना स्वतःचं नाव इतक्या चांगल्या अक्षरात कधीच लिहिता आलं नाही.” दादा वाडग्यात बघायला लागला. आईनं ताईकडे मान वळवली. तिचा आवाज खाली आला. “आणि तू, घर सोडून परत आलीस त्या दुपारी याच खुर्चीत बसली होतीस. वाटाण्याचं सूप होतं. तू काही बोलली नाहीस, मी काही विचारलं नाही. तीन वाडगे खाल्लेस आणि म्हणालीस, मी आता परत जाणार नाही. मी म्हटलं, बरं. हिरवी साडी होती, तिचा काठ उसवला होता. तो मी दुसऱ्या दिवशी शिवला.”

ताई हलली नाही. मग तिचा चेहरा खालून वर तुटत गेला, हनुवटीपासून. शाळेनंतर ताईला रडताना घरात कुणी पाहिलं नव्हतं. तिनं रडू लपवायला हात वर नेले, पण ते मध्येच टेबलावर पडले.

“मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडायचे,” ती म्हणाली. “महिना झाला. मशीन चालू असली की कुणाला ऐकू येत नाही. मला रोज वाटायचं, आज फोन केला तर विचारेल, कोण बोलतंय. म्हणून मी फोन करायचा टाळायचे, आई. केलाच तर, तू उचललास की आधी ऐकत राहायचे, तू काय म्हणतेस ते.”

“मी काय म्हणायचे?”

“म्हणायचीस, बोल गं, श्वास काय ऐकवतेस.”

“मग?”

“मग मला बरं वाटायचं, संध्याकाळपर्यंत.”

आई उठली. टेबलाला वळसा घालून ताईच्या मागे गेली आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. धुलाईखात्याची मुख्य डोळे मिटून तशीच बसली. चिमण्यानं खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं शोधलं. दादानं वहिनीच्या वाडग्याशेजारी पावाचा तुकडा सरकवला. त्याच्याकडून आभार असेच यायचे.

“मग आता मेंदूच्या डॉक्टरांची वेळ रद्द करू?” थोड्या वेळानं दादानं विचारलं.

“नको,” आई म्हणाली. “जाऊ की. नाहीतर हिला झोप लागायची नाही. आधी नाकवाला, मग मेंदूवाला. तो म्हणेल, बाई, तुमचं डोकं ठीक आहे, तुमच्या मुलांना घेऊन या.”

“नाक परत येईल?” चिमण्यानं विचारलं.

“येईल किंवा नाही येणार. तळमजल्यावरच्या म्हातारबांचं आलं वर्षानं, निम्मं. मी निम्म्यावरही भागवीन.”

“गॅस कळला की वाजणारं यंत्र मिळतं,” दादा म्हणाला. “उद्या येऊन बसवतो.” आणि ताई, नाक पुसत, पण आता आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “तोवर सूप शिजताना इथे कुणीतरी असेल. एकटीनं शेगडी पेटवायची नाही. हे मी सांगतेय, विचारत नाहीये.”

“सांग बाई,” आई म्हणाली. “सांगायची सवय जायला नको.” ती आपल्या जागेवर येऊन बसली. “वहिनी येईल रविवारी सकाळीच. तिला डाव धरता येतो.”

वहिनीनं डाव पातेल्यातून उचलून आपल्या वाडग्याशेजारी ठेवला.

“निवतंय,” आई म्हणाली. “खा.”

चमचे वाडग्यांत गेले. आज भूक सगळ्यांना एकदम लागली. पहिले काही घास कुणी मान वर केली नाही. आई आपल्या अर्ध्या वाडग्यापुढे बसून त्यांच्याकडे पाहत होती, मग म्हणाली, “कसं झालंय?”

“छान,” चिमणा म्हणाला.

“छान म्हणजे काय? छान तर तुझी फुलवालीही असेल. मला कळत नाहीये रे, नीट सांग.”

चिमणा लाल झाला आणि चमचा तोंडात ठेवूनच विचार करू लागला. जन्मभर ते हे सूप खात आले होते, पण ते कसं लागतं हे कुणी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. “आधी गाजराचा गोडवा येतो,” तो शेवटी म्हणाला. “मग तो जातो आणि मसूर येतो. मातीसारखा. म्हणजे चांगल्या मातीसारखा.”

“जव दातांत येतात तेव्हा थोडे दाण्यासारखे लागतात,” दादा म्हणाला. “आणि मागाहून काहीतरी जळक्यासारखं, पण बरं. थंडीत शेकोटीपाशी बसून आलं की कपड्यांना येतं ना, तसं.”

“भाजलेली हाडं,” आई म्हणाली. “बरोबर.” आणि तिनं एक चमचा तोंडात घातला. हळू चावला.

“लसूण वर तरंगतोय,” ताई म्हणाली. “लोण्याचा वास आधी नाकात जातो, मग जिभेवर येतो. कोबी अजून थोडा कच्चट आहे, आई, पण मला तसाच आवडतो. तू लहानपणी ताप उतरल्यावर द्यायचीस तसं लागतंय. म्हणजे खाल्लं की उठून बसावंसं वाटतं.”

“त्यात थोडं लिंबू हवं होतं,” चिमणा म्हणाला.

“अजिबात नको. लिंबानं मसूर मरतो,” ताई म्हणाली.

“तुला काय कळतंय, तू चादरी धू.”

आई ऐकत होती. एक चमचा, मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्यातला एकजण बोलला की ती घास घ्यायची, जणू त्याच्याच शब्दांनी तो खाली उतरत होता. वहिनीनं पाहिलं, तर आईचा वाडगा रिकामा झाला होता. थंडीपासून पहिल्यांदा.

आईनं तो तिच्यापुढे सरकवला. “भर पूर्ण,” ती म्हणाली, आणि मग मुलांकडे वळली. “थांबलात का? सांगत राहा.”